खोगीरभरती

आमच्या फलटणात कुणी कंबरेवर हात ठेवून चालताना दिसला की लोक विचारतात, "काय उचललंत?" प्रश्नात काळजी असते, थोडं कौतुकही असतं. माणसानं कांद्याचं पोतं उचललं असेल, उसाची मोळी उचलली असेल, निदान गॅसची टाकी तरी. गेल्या वर्षी एका सोमवारी मला हा प्रश्न चारदा आला आणि चारही वेळा मी खोटं बोललो. पुस्तकांचं कपाट सरकवलं म्हणालो. खरं सांगायची लाज वाटत होती. मी काहीच उचललं नव्हतं. आदल्या दिवशी पंढरपूरला जाऊन आलो होतो, आणि तेही बसून.

त्याचं असं झालं, की मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना त्याच्या स्पोर्ट मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाबा, आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल." पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कुठलीही बॅटरी उतरलेली बघवत नाही. आधी नुसती जागेवर चालू केली. मग गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मग विमानतळाच्या मैदानाला एक चक्कर. मग बरडपर्यंत. अशा रीतीनं केवळ बॅटरीच्या काळजीपोटी मी पंढरपूरला पोचलो.

त्या गाडीवरच्या बैठकीचं वर्णन करायचं तर साष्टांग नमस्कार घालायला निघालेल्या माणसाला कुणीतरी मध्येच हाक मारावी आणि त्यानं तसंच थबकावं, अशी ती बैठक आहे. हँडल पार खाली, पाय ठेवायचे दांडे मागं आणि वर, बूड सगळ्यांत उंच, हनुवटी पुढं. माझी नोकरीची पहिली वर्षं राजदूतवर गेली. तिच्यावर माणूस ओसरीवरच्या खुर्चीत बसावा तसा बसे, आणि समोरून ओळखीचं कुणी आलं तर मान तुकवून रामराम घालता येई. या गाडीवर मान आधीच तुकलेली असते. रामराम घालायचा तर ती वर करावी लागते, आणि चाळीस किलोमीटरनंतर ती वर होत नाही.

ही बैठक कुणी दुष्टपणानं काढलेली नाही, एवढं भौतिकशास्त्राला स्मरून सांगतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी इंजिनाची ताकद आठपट. म्हणून शर्यतीतला स्वार गाडीला चिकटून हवेपासून अंग चोरतो. इंग्लंडशेजारच्या आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तिथली डोंगरातली एक फेरी साधारण साठ किलोमीटरची, म्हणजे आमच्या फलटण-साताऱ्याच्या अंतराएवढीच. २०२३ साली पीटर हिकमन या स्वारानं ती सतरा मिनिटांच्या आत पुरी केली. आमच्या एसटीला तेवढ्यात आदर्कीचा घाटसुद्धा दिसत नाही. पण हिकमनला शर्यत संपली की खाली उतरायचं असतं. मला म्हसवडला मावशीकडं जायचं असतं, तिथं जेवायचं असतं आणि परत यायचं असतं.

या विषयातला माझा आवडता माणूस म्हणजे रॉली फ्री. हा अमेरिकन. सप्टेंबर १९४८ मध्ये यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पटांगणावर त्याला ताशी दीडशे मैलांचा, म्हणजे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडायचा होता. थोडक्यात हुकत होतं. अंगातला कातडी पोशाख वाऱ्यानं फाटला. तेव्हा या गृहस्थानं पोशाखच उतरवला आणि पोहण्याची चड्डी नेसून, गाडीवर पालथं पडून, पाय मागं ताणून तो सुटला. टप्पा ओलांडला. त्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यात नीट पाहिलं तर लक्षात येतं की वेगाचा तो विक्रम करताना माणूस गाडीवर बसलेलाच नव्हता.

त्याच वर्षी, १ जून १९४८ ला, आपल्याकडं पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. हे दोन प्रसंग एकत्र सांगायचं कारण माझे शेजारी आबा. आबांनी एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग फिरवलं. लांब पल्ला आणि बूड या विषयावर ते बोलू लागले की आमच्या गल्लीत बाकीचे गप्प बसतात. मी त्यांना रॉली फ्रीचा फोटो दाखवला. आबांनी चष्मा वर-खाली करून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्यो उतारला कसा?"

तर पंढरपूर. फलटण ते पंढरपूर रस्ता म्हणजे आता पालखी महामार्ग, चांगला रुंद झालेला. निघालो तेव्हा अंगात विशीतला वारा शिरला होता. बरड गेलं, नातेपुते गेलं, आणि माळशिरसच्या अलीकडं उजव्या हाताची करंगळी नाहीशी झाली. म्हणजे दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. मग तिच्या शेजारचं बोट गेलं. मनगटाच्या करंगळीकडच्या कडेनं एक नस जाते. तळव्यावर भार आला आणि ती दबली की हीच दोन बोटं बधिर होतात. वेळापूरला थांबून चहा घेतला तेव्हा कप डाव्या हातानं धरावा लागला. मान भरून आली होती, खांद्याला रग लागली होती, आणि बैठकीच्या ठिकाणी जे झालं होतं ते ललित निबंधात लिहिण्यासारखं नाही. विठोबापुढं पोचलो तेव्हा तोही कमरेवर हात ठेवून उभा. त्याला अठ्ठावीस युगं झाली. मला साडेतीन तास झाले होते. तरी त्या क्षणी आम्ही दोघं एकाच दुखण्याचे रुग्ण आहोत, असा मला भास झाला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, लोक पैसे मोजून दुखणं विकत आणतात. तुम्हांला फुकट मिळालं, आणखी काय पाहिजे?" मग तिनं शेकायला विटकर तापवली, पण हे वाक्य तिनं पुढं आठवडाभर सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं.

पाठ धरलेल्या माणसाला सल्ल्याची ददात नसते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की गादी मऊ करून घ्या. मलाही ते पटलं. कंपनीनं दिलेली गादी म्हणजे दोन वहीच्या पुठ्ठ्यांना रेग्झिन चिकटवावं तशी. बाजारात शीट कव्हर शिवणाऱ्याकडं गाडी नेली. त्यानं अंगठ्यानं गादी दाबून पाहिली आणि म्हणाला, "सर, मऊ नको. हाय त्यापेक्षा घट्ट फोम घाला. मऊ गादी दुकानात बरी लागते." मी त्याला गप्प केलं. पस्तीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय नसते. तीन इंच मऊ फोम घालायला लावला.

गादी झाली ती दिवाणखान्यातल्या दिवाणासारखी. पहिले वीस किलोमीटर स्वर्ग. लोणंदपर्यंत फोम बसला. नीरेपर्यंत त्यानं राजीनामा दिला. शीटवाल्यानं जे अंगठ्यानं सांगितलं होतं ते मला कळायला हवं होतं, कारण आठवीच्या पुस्तकातलंच आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. मऊ फोम चेपून तळाला टेकला की सगळा भार बैठकीच्या दोन हाडांखालच्या तेवढ्याशा जागेवर येतो. घट्ट फोम कमी दबतो, म्हणून भार मांड्यांपर्यंत वाटून घेतो. हा धडा मी पस्तीस वर्षं मुलांना टाचणी आणि खिळ्याचं उदाहरण देऊन शिकवला. स्वतः खिळ्यावर बसायची वेळ आली तेव्हाच तो मला कळला.

तेव्हा खोगीरभरती हा शब्द नव्यानं समजला. आपण तो नुसत्या नगाला नग अशा माणसांसाठी वापरतो. सभेला माणसं जमेनात म्हणून बसवलेली चार पोरं, लेखात पानं भरेनात म्हणून घातलेला उतारा. पण शब्द आला तो खोगिराच्या पोटात कोंबलेल्या चिंध्या-बोळ्यांवरून. भाषेनं त्या भरतीची इतकी नालस्ती केली याचा अर्थ, ज्यांचं आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलं त्यांना पक्कं ठाऊक होतं की लांबच्या स्वाराला तारतं ते खोगिराच्या आतलं नव्हे.

मध्ये एक प्रयोग घोंगडीचाही झाला. शीटवर मेंढीचं लोकरीचं कातडं टाकून लांब जाणारे स्वार जगभर आहेत. लोकरीत हवा खेळते, घाम साचत नाही, उन्हात शीट तापत नाही. म्हटलं, मेंढरांच्या बाबतीत फलटणनं कुणाला हार जायचं कारण नाही. इथल्या निंबकर संस्थेनं दख्खनी मेंढीत सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा गुण आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, ती राज्याबाहेरही गेली. तर धनगराकडून घेतलेली जुनी घोंगडी चौघडी करून शीटवर टाकली. गारवा खरोखर मिळाला. पण ती चड्डीतून, पँटीतून, स्वाभिमानातूनही टोचते. दहिवडीपर्यंत मी इतकी चुळबुळ केली की मागून येणाऱ्या एम-८० वरच्या दूधवाल्यानं शेजारी गाडी आणून विचारलं, "मुंग्या शिरल्या का काय, काका?" तो स्वतः दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, शीटवर गोणपाटाची घडी घालून, ताठ बसून, गुणगुणत चालला होता. रोज पन्नास-साठ किलोमीटर. त्याच्याकडं बघून मला माझ्या गाडीची किंमत उगाच आठवली.

शेवटी आबांना शरण गेलो. त्यांनी मला अंगणात उभ्या गाडीवर बसायला लावलं, लांबून फेरी मारून पाहिलं, आणि निदान केलं. "सर, तुमी शीटवर बसतच न्हाई. तुमी हातावर बसताय."

"मग कशावर बसू?"

"गुडघं आवळा. टाकी धरा मांडीत. घट्ट. आता हात सोडा."

टाकी मांड्यांत धरली, पोट जरा आत घेतलं, आणि हँडलवरचे हात अलगद सुटले. अंग पुढं कोसळलं नाही. इतके दिवस मी माझं चौऱ्याहत्तर किलोंचं पांडित्य दोन मनगटांवर टाकून महाराष्ट्र हिंडत होतो. कोपरं सैल झाली, मान थोडी वर आली, करंगळी कायमची परत आली.

आबा म्हणाले, "ह्येला मांड म्हनत्यात."

शब्द ऐकला आणि मी गाडीवरून उतरायचं विसरलो. मांड. मांड ठोकून बसणं, मांड पक्की असणं, घोडा उधळला तरी मांड न सुटणं. आमचं गाव निंबाळकरांचं. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. नीरा-भीमेच्या काठच्या भीमथडी तट्टांवर इथल्या माणसांच्या किती पिढ्या गेल्या असतील. १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेत बाजीरावानं जड तोफा आणि बाडबिस्तरा मागं ठेवून निजामाला असं हिंडवलं, की शेवटी तो दमून कोंडला गेला. त्या स्वारांच्या खोगिरात काही परीस नव्हता. त्यांच्याकडं मांड होती आणि पाठीवर ओझं नव्हतं. मी मात्र पंढरपूरला जाताना पाठीवर भरलेली सॅक घेतली होती. त्यात रेनकोट, पाण्याच्या दोन बाटल्या, थालीपिठं, दह्याचा डबा आणि बायकोनं 'असू दे' म्हणून घातलेला स्वेटर. मे महिन्यात. त्या सॅकचं वजन खांद्यावरून मनगटांत उतरत होतं. आता सॅक मागच्या शीटला बांधतो. स्वेटर अजून त्यात आहे. तो काढायची मांड माझ्याकडं नाही.

मांड शिकवून झाल्यावर आबांनी एसटीचं बाकीचं शास्त्र सांगितलं. ते सलग असं नव्हतं, आठवेल तसं, तंबाखू मळता मळता. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही. तासाला एकदा उतरून चार पावलं चालायचं, चहा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. पाणी तहान लागायच्या आधी. आणि जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात कुणाशी शर्यत नाही, मालट्रकशी नाही, स्वतःशीही नाही. कानाचं मी माझ्या बुद्धीनं शोधलं. हेल्मेटमधून वारा घोंघावत राहतो आणि दोन-तीन तासांनी माणूस उगाच थकतो, चिडतो. औषधाच्या दुकानात मिळतात ते फोमचे बोळे कानात घातले की वारा मवाळ होतो, हॉर्न मात्र ऐकू येतो. त्यातली एक जोडी बायकोनं घरात वापरायला मागून घेतली आहे. कारण विचारलं नाही.

वाऱ्याची एक गंमत अशी, की या गाड्या हळू चालवल्या तरच जास्त दुखवतात. ऐंशी-नव्वदच्या पुढं वारा छातीला हात देतो आणि मनगटांवरचा भार उचलून धरतो. पण तो हात देणार कुठं? मोकळ्या महामार्गावर. आमच्याकडं जागोजागी गतिरोधक, त्यात कुठं रंग उडालेला, कुठं मुळातच नसलेला. कारखाने सुरू झाले की उसाच्या जोडट्रॉल्या, मागचा दिवा नसलेल्या. त्यामुळं वाऱ्याच्या उपकारावर आम्हांला विसंबता येत नाही. आमचा भार आमच्याच मांड्यांवर.

आता जमतं. परवा मोगराळ्याचा घाट चढून दहिवडी, पुढं विटा, तासगाव करत सांगलीला गेलो. घाटात तर ही गाडी गोड वाटते. वळणाला बाहेरच्या मांडीनं टाकी धरली की आतला हात मोकळा राहतो, आणि मग माणदेशचा तो उघडाबोडका मुलूख डावीकडं-उजवीकडं आळीपाळीनं झुकतो. सांगलीत भेळ खाल्ली. संध्याकाळी परतलो तेव्हा कंबर होती तिथंच होती. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी तुम्हांला बॅटरी सांगितली होती." मग त्यानंच आयर्न बट नावाच्या अमेरिकेतल्या मंडळींची गोष्ट सांगितली. आयर्न बट म्हणजे लोखंडी बूड. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, गाडी चालवली की ते प्रमाणपत्र देतात. मी हिशोब केला. फलटण-पंढरपूर सातदा जाऊन यायचं आणि तरी थोडं उरतंच. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "घोडी मेली वझ्यानं आन शिंगरू मेलं हेलपाट्यानं." विषय तिथंच संपला.

आषाढात माउलींची पालखी आली तेव्हा आठवडाभर गाडी शेडमध्येच होती. वारीच्या वाटेवर तेव्हा गाडीला जागा नसते, आणि त्या दिवसांत ती काढायला लाजही वाटते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, तेही पायी, तेही डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन. आणि मी चार पदरी रस्त्यावर टाकीला मिठी मारून बसण्याचं शास्त्र शिकतोय. पण पालखीच्या वेळापत्रकात मला आबांचंच शास्त्र दिसलं. सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, मध्ये ठरलेला विसावा, पुन्हा विसावा, मग मुक्काम. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. सोहळ्यात विसाव्याच्या जागासुद्धा पिढ्यान्पिढ्या त्याच. कुणी दमलं म्हणून विसावा नसतो. विसाव्याची वेळ झाली म्हणून असतो.

आबा आणि मी तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला गेलो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, तरी टापांखाली माती उडत होती. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व पायी चालत आळंदीला येतात आणि पुढं पालखीबरोबर पंढरपूरला जातात. एकावर स्वार असतो, हातात जरीपटका. दुसऱ्यावर कुणी नसतं. तो माउलींचा. दोन बाजूंना वारकरी दाटीनं उभे, मधल्या चिंचोळ्या वाटेनं आधी स्वार गेला, आणि मागून तो रिकाम्या पाठीचा अश्व असा सुटला की अंगावर काटा आला. टाळ थांबले की वाढले, कळलं नाही. तो गेल्यावर माणसं खाली वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागली. मीही वाकलो. वाकताना कंबरेतून एक जुनी कळ आली, लगेच गेली.

परतीच्या फेरीत तो अश्व आमच्या अगदी समोर थांबला. धापा टाकत होता. पाठीवरची झूल नवी करकरीत होती, तिच्यावर सुरकुती नव्हती, खळगा नव्हता. आबा तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, बसनारा हलका आसला म्हंजी गादी टिकती बगा."

आणि गर्दीतून वाट काढत चहा सांगायला गेले.